जुन्या हवाईयन गिटारचं साल कसं ठरवायचं, आणि एका फोटोखालच्या चुकीबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ऑर्केस्ट्रांवर जे पान आलं ते आमच्या घरात सगळ्यांनी वाचलं, कात्रण पण काढून ठेवलंय, अशी पानं आणखी यावीत असं मनापासून वाटतं. पण त्यातल्या एका फोटोखाली 'जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३१' अशी ओळ छापलीय ती बरोबर नाही, आणि आता तो फोटो त्या ओळीसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलाय म्हणून लिहायला बसलो. पत्र जरा लांबेल, पण जमल्यास पूर्ण छापा, कारण ज्यांच्या घरी अशी हवाईयन गिटार, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, माळ्यावर पडून आहे त्यांच्या कामाचं आहे.

फोटो मी भिंग लावून बघितला. बॉडी काळी, बॅकेलाईट नावाच्या जुन्या कडक प्लास्टिकची. त्यावर पांढऱ्या रंगाच्या पत्र्याच्या प्लेटा. पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या भागावर, दोन नालाकृती चुंबक आणि तारा त्यांच्या मधून गेलेल्या. तारांची मागची टोकं टेलपीसला, म्हणजे बॉडीवर मागे बसवलेल्या वेगळ्या भागाला, अडकवलेली. एवढ्यावरून ती रिकेनबॅकरची मॉडेल बी आहे हे नक्की, आणि ती १९३१ ची असूच शकत नाही हे पण नक्की.

कारण असं. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर या मंडळींनी जी पहिली गिटार केली ती लाकडाची होती, हॅरी वॉटसन नावाच्या कारागिराने घडवलेली, गोल बॉडी आणि लांब मान, आणि तो एकच नमुना होता, विकायचा माल नव्हे. विक्री सुरू झाली १९३२ मध्ये आणि ती गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती, तिलाच लोक फ्राईंग पॅन म्हणतात. तेव्हा कंपनीचं नाव सुद्धा रिकेनबॅकर नव्हतं, रो-पॅट-इन होतं, १९३४ ला ते इलेक्ट्रो स्ट्रिंग इन्स्ट्रुमेंट कॉर्पोरेशन झालं. अ‍ॅल्युमिनियमचा एक त्रास असा की स्टेजच्या दिव्यांनी बॉडी तापली की धातू पसरतो आणि लावलेले सूर हलतात, वादक वैतागायचे. म्हणून १९३५ ला बॅकेलाईटची गिटार आली. म्हणजे बॅकेलाईट दिसलं की साल १९३५ च्या अलीकडे यायलाच पाहिजे. पुढचं बघा, सुरुवातीच्या बॅकेलाईट गिटारींवर त्या प्लेटा क्रोमच्या चकचकीत असायच्या, पांढऱ्या रंगाच्या प्लेटा साधारण १९४० च्या सुमारास आल्या. आणि युद्धाआधीच्या मॉडेल बीमध्ये तारा बॉडीच्या आरपार ओवलेल्या असायच्या, टेलपीस आला युद्धानंतर. तुमच्या फोटोतली गिटार त्यामुळे १९४६ नंतरची ठरते. मूळ पिकअपचे चुंबक दीड इंच रुंद असायचे, युद्धानंतर काही काळाने ते सव्वा इंचाचे झाले, तर ज्यांच्याकडे ती गिटार आहे त्यांनी साधी फूटपट्टी लावून चुंबकाची रुंदी मोजली तर आणखी जवळ जाता येईल. पुढच्या पट्टीवर इंग्रजी नाव आहे ते पण वाचावं, कारण आधी नुसतं 'इलेक्ट्रो' लिहिलेलं असायचं, नंतर रिकेनबॅकर आलं पण त्याच्या स्पेलिंगमध्ये 'सी' नंतर 'एच' असायचा, आणि 'के' वालं आजचं स्पेलिंग १९५० च्या आसपास रुळलं.

यात ज्यांची ही गिटार आहे त्या वादकांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा काही कमीपणा नाही. १९४० च्या दशकातली बॅकेलाईट रिकेनबॅकर आजही जगातले भले भले स्टील गिटारवाले शोधत फिरतात, तिचा आवाज जाड आणि गोड आहे, नंतर कुणाला तसा जमला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण १९३१ म्हणायचं आणि उद्या कुणी जाणकाराने ते खोटं ठरवायचं, मग त्या घरच्यांनी सांगितलेल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण शंका घ्यायची, हे होऊ नये.

मी डोंबिवलीला जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आणि इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे 'हिचं साल सांगा' हा प्रश्न मला कायम येतो आणि लोकांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. एका नंबरवरून साल सांगता येत नाही. लॅप स्टीलच्या, म्हणजे या मांडीवरच्या हवाईयन गिटारच्या, बाबतीत तर अजिबातच नाही, कारण हे वाद्य त्या काळात शिकाऊ मुलांसाठी हजारोंनी बनत होतं, कंपन्यांनी नंबर टाकले टाकले नाही टाकले नाही, वह्या ठेवल्या नाहीत, आणि एकाच कारखान्यातून पाच वेगवेगळ्या नावांनी माल बाहेर जायचा. त्यामुळे बॉडी, पिकअप, तारा पिळायच्या चाव्या, स्क्रू, आतली वायर, पॉट (आवाज कमीजास्त करायच्या नॉबखालचा भाग) हे सगळं एकत्र वाचायचं आणि सगळ्यांचं एकमेकांशी जमतंय का बघायचं. आणि त्यातला सगळ्यात नवा मूळ भाग ज्या सालचा, त्याच्या आधीची ती गिटार नसते.

सगळ्यात आधी ती मुळात लॅप स्टील आहे का हे बघा. आपल्याकडे साध्या स्पॅनिश गिटारचा नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, उंच करून, तारा वर उचलून तिची हवाईयन करायची पद्धत फार होती, पंडित ब्रिजभूषण काब्रांसारखा मोठा कलाकार सुद्धा गिब्सनची पोकळ बॉडीची गिटार अशी मांडीवर घेऊन वाजवायचा. अशा गिटारवर फ्रेटच्या पट्ट्या खऱ्या, हाताला लागणाऱ्या असतात, नट काढून ठेवला की ती परत स्पॅनिश होते. अस्सल लॅप स्टीलवर फ्रेट म्हणजे नुसत्या खुणा, रंगवलेल्या किंवा सपाट बसवलेल्या, कारण तार तिथे दाबायचीच नसते, वरून स्टीलचा बार फिरतो. मान बहुतेक वेळा चौकोनी असते, पंजात धरून वाजवता येणार नाही अशी.

आता पेटंटचा विषय, कारण यात सगळ्यात जास्त लोक फसतात. बोशाम्पने पेटंटचा अर्ज १९३४ ला केला आणि ते मिळालं १० ऑगस्ट १९३७ ला, नंबर २०,८९,१७१. एवढी वर्षं का लागली तर हे वाद्य खरंच चालतं का याचीच पेटंट ऑफिसला शंका होती, मग कंपनीने सॉल हूपी आणि आणखी वादकांना वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांसमोर वाजवून दाखवलं असं सांगतात. तर एखाद्या गिटारवर 'पेटंट पेंडिंग' असेल तर ती मंजुरीच्या आधीची असण्याची शक्यता चांगली. पण पेटंटचा नंबर असेल तर तो फक्त एवढंच सांगतो की ही १९३७ च्या आधीची नाही. नंबर पुढे कितीतरी वर्षं तसाच छापत राहतात. ऑनलाईन जाहिरातीत सर्रास '१९३७ ची गिटार, पेटंटवर तारीख आहे' असं लिहिलेलं दिसतं आणि लोक त्यावर पैसे मोजतात, हे बघून वाईट वाटतं.

गिब्सनचं जरा सोपं आहे. मिशिगनमधल्या कॅलमझू गावातला कारखाना. १९३५ च्या शेवटी त्यांनी ई-१५० नावाची अ‍ॅल्युमिनियमची लॅप स्टील काढली, ती फार थोडी बनली, आणि लगेच १९३६ ला लाकडाची ईएच-१५० आली. दीडशे हा आकडा गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून डॉलरमधली किंमत होती. तिच्यावरचा पहिला पिकअप वॉल्टर फुलरने केलेला, वरून बघितलं तर एक पातळ पोलादी पट्टी आणि आजूबाजूला तीन स्क्रू दिसतात, खाली बॉडीच्या आत मोठे जड चुंबक लपलेले असतात. हाच पिकअप पुढे चार्ली ख्रिश्चनच्या नावाने प्रसिद्ध झाला, तो गिब्सनच्याच ईएस-१५० या स्पॅनिश गिटारवर जाझ वाजवायचा म्हणून. तीसच्या दशकाच्या शेवटी गिब्सनने तो बदलून दुसरा आणला, म्हणजे पट्टीवाला पिकअप दिसला की आपण १९३६ ते १९३९ च्या आसपास आहोत. गिटारच्या डोक्यावर, म्हणजे चाव्या असतात त्या टोकावर, मागच्या बाजूला कारखान्याचा ऑर्डर नंबर ठोकलेला असेल तर त्यातलं पहिलं अक्षर साल सांगतं, साधारणपणे डी म्हणजे १९३८, ई म्हणजे १९३९, एफ म्हणजे १९४०, जी म्हणजे १९४१, आणि बरेचदा पुढे दुसरं अक्षर जी म्हणजे गिब्सन, तिसरं ई म्हणजे इलेक्ट्रिक. त्यामुळे 'डीजीई' असं कोरलेलं बघून कुणी ते मालकाच्या नावाची अक्षरं समजू नये. युद्धानंतर, १९५२ पासून, कंपनीने अक्षरं उलटी लावली, झेड १९५२, वाय १९५३, एक्स १९५४ असं मागे मागे येत क्यू म्हणजे १९६१. नाव पण बघायचं, युद्धाआधी 'गिब्सन' वळणदार अक्षरात, १९४७ च्या आसपासपासून जाड छापील अक्षरात. आणि एक आपल्या इथलं सांगतो, कोलकात्याच्या गिवसन नावाच्या गिटारी भारतभर विकल्या गेल्या, त्यांचं स्पेलिंग आणि गिब्सनचं स्पेलिंग यात एकाच अक्षराचा फरक आहे, तर डोक्यावरचं नाव नीट प्रकाशात धरून वाचा, अर्धं पुसलेलं असेल तर हमखास गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त लॅप स्टील ज्या निघतात त्या मात्र नॅशनल, सुप्रो, ओआहू, एअरलाईन अशा नावांच्या, मोत्यासारख्या चमकणाऱ्या प्लास्टिकने मढवलेल्या. ही नावं वेगळी दिसतात पण त्यातल्या पुष्कळशा एकाच कारखान्यातल्या आहेत. नॅशनल कंपनी लॉस एंजेलिसची, १९३० च्या दशकात डोब्रो या दुसऱ्या गिटार कंपनीबरोबर एकत्र झाली, १९३६ च्या सुमारास शिकागोला गेली आणि युद्धाच्या वर्षांत तिचं व्हॅल्को झालं, मालक व्हिक्टर स्मिथ, अल फ्रॉस्ट आणि लुई डोपेरा. नॅशनल आणि सुप्रो ही त्यांची स्वतःची नावं, एअरलाईन हे माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीसाठी. ओआहू ही तर क्लीव्हलँडची शिकवणी आणि नोटेशनची पुस्तकं विकणारी संस्था होती, मुलांना कोर्स विकायचा आणि बरोबर गिटार द्यायची, ती गिटार कधी व्हॅल्कोने केलेली तर कधी के कंपनीने. म्हणून नाव वाचून साल शोधू नका, पिकअप बघा. व्हॅल्कोच्या बऱ्याच लॅप स्टीलमध्ये तारा पिकअपच्या कव्हरच्या आतून ओवलेल्या असतात, हे एकदा बघितलं की विसरत नाही. नंबर बहुतेक वेळा एका छोट्या धातूच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते, खिळे निघालेले किंवा भोकं जुळत नसतील तर पट्टी दुसरीकडून आलीय असं समजा. व्हॅल्को १९६८ ला बंद पडली. नॅशनलची न्यूयॉर्कर म्हणून एक मॉडेल आहे, काळी पांढरी, कडा पायऱ्या पायऱ्यांच्या, ओव्हल मैदानाशेजारच्या आर्ट डेको इमारती आणि ती एकाच काळाच्या आवडीतून आलेल्या आहेत हे बघताक्षणी कळतं, आणि मला स्वतःला सगळ्या लॅप स्टीलमध्ये दिसायला तीच सगळ्यात देखणी वाटते. मॅग्नाटोनच्या गिटारी पण अशाच मोतिया प्लास्टिकच्या, कॅलिफोर्नियाच्या, त्यावर बहुतेक नंबरच नसतो, तिथे आतलं बघितल्याशिवाय काही बोलता येत नाही.

फेंडरबद्दल थोडक्यात. लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांनी १९४५ ला के अँड एफ नावाने लॅप स्टील काढल्या, खरखरीत करड्या रंगाच्या, त्या वर्षभरच चालल्या, १९४६ पासून फेंडर हे नाव आलं. १९४९ ते १९५५ मध्ये चॅम्पियन नावाची मोतिया प्लास्टिकवाली गिटार होती आणि तिचाच पिकअप पुढे फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या ब्रिज पिकअपचा पाया ठरला, म्हणून लोक त्या गिटारी फोडून पिकअप काढून विकतात, हे थांबायला हवं. फेंडरवरच्या क्लूसन कंपनीच्या चाव्यांच्या डबीवर बघा, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डबी कोरी, १९५६-५७ पासून नाव मधोमध एका ओळीत, १९६४ नंतर दोन ओळीत.

आता आतलं. नॉबखालची प्लेट किंवा कंट्रोलचं झाकण दोन चार स्क्रूंवर असतं, ते घरी पण उघडता येतं, फक्त घाई करू नका आणि कशालाही सोल्डरिंग आयर्न लावू नका. स्क्रूंकडे आधी बघा. फुलीच्या खाचेचा, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तो स्क्रू अमेरिकेत १९३६ ला वापरात आला आणि गिटारींवर यायला त्याला आणखी बराच वेळ लागला, फेंडर सुद्धा १९५१-५२ पर्यंत सरळ खाचेचे स्क्रू वापरत होता. त्यामुळे १९३५ ची म्हणवणारी गिटार आणि सगळे स्क्रू स्टार असतील तर कुणीतरी आधी हात घातलाय. वायरवर कापडाचं वेष्टण असेल तर जुनं काम, गुळगुळीत रंगीत प्लास्टिक असेल तर नंतरचं किंवा दुरुस्ती.

आणि पॉट. व्हॉल्यूमचा पॉट उलटा करून त्याच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात, धूळ आणि जुना फ्लक्स बसलेला असतो, सुक्या ब्रशने हलके साफ करा आणि टॉर्च तिरका धरा, सरळ धरला तर आकडे दिसत नाहीत. दादरच्या एका गृहस्थांकडची सुप्रो मी उघडली होती, घरात समज असा की आजोबांनी युद्धाच्या आधी घेतली. पॉटवर ३०४८१५ असे आकडे होते. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्या कंपनीचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ असतं तर सीटीएस, १३४ असतं तर सेंट्रलॅब. पुढचा ८ म्हणजे साल, आणि १५ म्हणजे त्या सालचा पंधरावा आठवडा, एप्रिल महिना. पण ८ म्हणजे १९३८, १९४८ की १९५८ हे पॉट सांगत नाही, त्या काळी सालाचा एकच आकडा टाकायचे, दोन आकडे नंतर आले. मग बाकीचं बघायचं. गिटारवर मागे व्हॅल्कोची पट्टी, म्हणजे १९३८ बाद, कारण व्हॅल्को तेव्हा नव्हतीच. वायर सगळी कापडी, सोल्डर कुठेही परत तापवलेला नाही, स्क्रू सरळ खाचेचे, म्हणजे १९५८ पेक्षा १९४८ कडे वजन जास्त. पट्टीवरच्या नंबरने पण तोच काळ दाखवला. तेव्हा पॉट १९४८ च्या एप्रिलमधला आणि गिटार त्यानंतर काही महिन्यांतली, असं मी त्यांना लिहून दिलं. युद्धाआधीची नाही, हे ऐकून ते थोडे हिरमुसले पण मग घरातल्यांनीच सांगितलं की आजोबा बोटीवरच्या नोकरीला १९४९ ला लागले, म्हणजे सगळं नीट बसलं.

पॉटचं एक लक्षात ठेवा, तो पॉट कधी बनला ते सांगतो, गिटार कधी बनली ते नाही. फेंडरने १९६६ च्या आसपास पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढची काही वर्षं वापरला, तर १९६६ चा पॉट असलेली गिटार १९६९ ची पण निघते. उलटं मात्र होत नाही, १९५२ चा मूळ पॉट असलेली गिटार १९४७ ची होऊ शकत नाही. बरोबर अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या स्पीकरवर पण असेच आकडे असतात, २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. पण तो अ‍ॅम्प्लिफायर अमेरिकेचा असेल तर ११० व्होल्टचा आहे, आपल्या २३० च्या सॉकेटला लावून बघायचा मोह कृपा करून टाळा, ट्रान्सफॉर्मर जळतो आणि शॉक लागून जीव पण जाऊ शकतो.

१९४३, १९४४ असं साल कुणी सांगितलं तर जरा थांबा. १९४२ ला अमेरिकेत युद्धासाठी धातूंवर निर्बंध आले, वाद्यांना तांबं, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद मिळेना, कारखाने सैन्याच्या कामाला लागले. त्या तीन वर्षांतल्या इलेक्ट्रिक लॅप स्टील जवळजवळ नाहीतच, उरलेल्या भागांतून जोडलेल्या काही असतील तेवढ्याच.

आपल्याकडे या गिटारी कुठून आल्या हे पण सांगायला हवं, कारण फोटोखाली अमेरिकेचं साल लिहून तो भाग सुटून जातो. हवाई बेटांवर जोसेफ केकुकूने ही वाजवायची पद्धत १८८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केली असं मानतात, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तिची लाट जगभर गेली, आणि भारतात ती पक्की झाली ती कलकत्त्यात, टाऊ मोए हा हवाईचा वादक कुटुंबासह १९४० च्या दशकात तिथे राहिला, गार्नी निस या वादकाने त्याच्याकडून ते शिकून घेतलं आणि अलोहा बॉईज नावाने रेडिओवर आणि रेकॉर्डवर वाजवलं. मुंबईत ती सिनेमात आली. लखनौला जन्मलेले व्हॅन शिपले, ज्यांना भारतातले पहिले इलेक्ट्रिक गिटारवादक म्हणतात, त्यांनी स्वतःची आठ तारांची गिटार बनवून घेतली होती. हजारा सिंग यांच्या स्टीलचा तो लांब खेचलेला सूर आपण सगळ्यांनी जुन्या हिंदी गाण्यांत ऐकलाय, नाव माहीत नसलं तरी. आणि नंतर बाहेरून वाद्य आणणं लायसन्स आणि ड्युटीमुळे अवघड झालं, म्हणून इथल्या सुतारांनी सागाच्या, शिसवीच्या बॉडी केल्या, पिकअप जुन्या गिटारचा नाहीतर हाताने गुंडाळलेला. जपानहून ग्वायाटोन आणि टीस्को आल्या, ग्वायाटोनवाले तर १९३० च्या दशकापासून हवाईयन गिटार करत होते.

ज्या इथे बनलेल्या आहेत त्यांचं साल ठरवायला अमेरिकेचा एकही तक्ता कामाचा नाही. तिथे फक्त दोन गोष्टी कामाला येतात, आतल्या भागांवरचे आकडे आणि घरातली कागदपत्रं. बॉडी कुणी केली, कुठल्या वर्कशॉपमध्ये, वायर कुणी गुंडाळली, हे आज ऐंशीच्या घरात असलेल्या वादकांना आणि कारागिरांना तोंडपाठ आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. मला या इथल्या गिटारींची काळजी रिकेनबॅकरपेक्षा जास्त वाटते. रिकेनबॅकरवर जगभर माणसं अभ्यास करतायत, आपल्या सागाच्या हवाईयनवर आपण नाही केला तर कोण करणार.

म्हणून दुरुस्तीबद्दल कळकळीने सांगतो. ठाण्याकडच्या एका घरातली गिटार माझ्याकडे आली तेव्हा ती आधी एका दुकानातून 'नवीन करून' आणलेली होती. नालाकृती चुंबक काढून, परत क्रोम करून बसवलेले, त्यात त्यांची ताकद गेली, कारण ते जुन्या प्रकारचे पोलादी चुंबक एकमेकांपासून आणि जागेवरून सुटे केले, आपटले, तापवले की दुबळे होतात. पॉट दोन्ही नवे टाकलेले, जुने फेकून दिलेले. कापडी वायर काढून प्लास्टिकची. आता ती गिटार वाजते, पण बारीक आणि कोरडी वाजते, आणि तिचं साल आता कुणालाच सांगता येणार नाही, मला नाही, अमेरिकेतल्या तज्ज्ञाला पण नाही. पॉट खरखरत असेल तर नव्वद टक्के वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पॉट फिरवला की भागतं. बदलावाच लागला तर जुना पॉट, जुना कंडेन्सर, जुने स्क्रू छोट्या पिशवीत घालून केसमध्येच ठेवायला सांगा. मोतिया प्लास्टिकला थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, विरघळतं, आणि त्या काळचं ते प्लास्टिक नायट्रेटचं असल्याने पेट पण पटकन घेतं, जवळ सोल्डरिंग करताना जपा. अ‍ॅल्युमिनियमला घासून चकाकी आणू नका. आपल्या किनाऱ्याच्या हवेत केस बंद करून माळ्यावर ठेवली तर चाव्या गंजतात आणि कापडाला बुरशी येते, पावसाळ्यात मधून मधून उघडून कोरड्या खोलीत ठेवा.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली, त्या फोटोखालची ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी, 'रिकेनबॅकर मॉडेल बी, युद्धोत्तर काळातली' एवढं लिहिलं तरी बरोबर होईल, आणि मालकांनी चुंबकाची रुंदी कळवली तर साल आणखी नेमकं छापता येईल. दुसरी, असं पान परत काढाल तेव्हा वाचकांकडून फोटो मागवताना वाद्याचा समोरून एकच फोटो न मागता डोक्याची पुढची आणि मागची बाजू, पिकअप जवळून, टेलपीस, चाव्यांची डबी, प्लेट उघडून पॉटवरचे आकडे, आणि केसच्या आतला कप्पा असे फोटो मागवा. त्या कप्प्यात बरेचदा पावती, तारांचं जुनं पाकीट, कस्टमचा कागद, कार्यक्रमाचं हँडबिल असं काहीतरी असतं, ते घरच्यांनी टाकून देऊ नये एवढं त्यातच छापा. वाद्य कुणी, कुठल्या स्टुडिओत किंवा ऑर्केस्ट्रात वाजवलं आणि कुणाकडून विकत घेतलं हे पण विचारा. आलेले फोटो आपण पाठवलेत तर मी ते बघून माझ्या परीने उत्तरं लिहून देईन, त्याचं मानधन वगैरे काही नको.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)